हारिनचं पान

स्वयंपाकघरातल्या जाळीत पालथा घातलेला चमचा घसरला आणि खण्णकन वाजला. दुपारच्या निजानीज झालेल्या घरात तो आवाज केवढा तरी मोठा झाला. रेवतीने श्वास धरला. पलंगावर तिची चार वर्षांची लेक गार्गी कुशीवर वळली, दूध पीत असल्यासारखे ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. वाचले! रेवतीने लॅपटॉप उघडला, हेडफोन लावले, मागच्या दोरीवरची गार्गीची चड्डी ओढून उशीखाली कोंबली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्यावरच्या जुन्या इमारतीतल्या बेडरूमचा हा कोपरा म्हणजे तिची शाळा. मुलं मात्र थेट कोरियाची. लग्नाआधी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. गार्गी झाली, नोकरी सुटली, आणि मग अंधेरीच्या एका कंपनीकडून हे ऑनलाइन वर्ग मिळाले. गार्गी झोपेल तेवढा वेळ तिचा. इथे दुपार कलायला लागली की तिकडे अंधारून यायचं. पोरं शाळा आणि शिकवण्या करून चोळामोळा झालेली असायची, तरी "टीचर, टीचर!" म्हणून कल्ला करायची. एकाने आपला हॅमस्टर कॅमेऱ्यावरच आणून ठेवला होता. रेवती ओरडली तशी गार्गी उठली आणि त्या दिवशीच्या वर्गाची वाट लागली. एकीला रेवतीची टिकली म्हणजे जखम वाटली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या कपाळावर पट्टी चिकटवून आली, टीचरला सोबत म्हणून.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. टीचर, जेवलात? तिकडे म्हणे माणसं भेटली की हेच विचारतात. रेवतीला ते आपलंसं वाटायचं. आपल्याकडे तरी दुसरं काय विचारतात?

शेवटचा तास हारिनचा. असेल सात-आठ वर्षांची. कपाळावर सरळ कापलेले केस, हात मांडीवर. तीही विचारायची, आणि रेवती म्हणायची, "जेवले. आणि तू?"

"अजून नाही, टीचर."

रोज हेच. तक्रार नाही, रडगाणं नाही. जणू कुणी तिचं नाव विचारलंय.

बाकीच्या मुलांच्या मागे या वेळी खिडक्या काळ्या झालेल्या असायच्या, ट्यूबलाइट लागलेल्या असायच्या. हारिनच्या खिडकीत मात्र ऊन असायचं. पांढरं, भर दुपारचं. एखादा मोठा दिवा असेल, असं रेवतीने ठरवून टाकलं. मुलीच्या मागे कधी भांडं वाजलं नाही, टीव्ही लागला नाही, मोठ्या माणसाचं पाऊल ऐकू आलं नाही, याचं कारण मात्र तिला ठरवता आलं नाही.

"या वेळेपर्यंत उपाशी?" नलिनी, तिच्या सासूबाई, लसूण सोलायच्या थांबल्या. "आवस खंय तिची?"

"आईच काय, दिसतच नाही हो कोणी."

"आणि तू काय करतेस मग?"

"फळांची नावं शिकवते," रेवती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिलाच कसंसं झालं.

नवरात्रात अष्टमीला नलिनीबाई कुमारिका जेवायला घालत. लालबागच्या चाळीत होत्या तेव्हापासूनचा नेम. तिथे पोरी अंगणात पकडून आणाव्यात इतक्या होत्या. इथे बहुतेक आयांनी सांगितलं, परीक्षा आहे, काकी.

"एक पाट रिकामा राहतो गो," त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या.

"मग ऑनलाइन जेवायला घाल," रेवतीचा नवरा सिद्धेश म्हणाला. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून दमून आला तरी त्याचा टोमणा तयार असायचा. "हिची कोरियाची पोरगी आहे ना. झकास! प्रवासखर्च पण नाही."

नलिनीबाई हसल्या नाहीत. "बोलव तिला," त्या रेवतीला म्हणाल्या. "गावी आमच्याकडे लांब दिलेल्या पोरींच्या नावानं पान मांडायचे. मनापासून बोलावलं की जेवण पोचतं."

रेवतीने दुसऱ्या दिवशी तास संपताना सांगितलं. आमच्याकडे सण आहे, लहान मुली जेवायला येतात, तूही ये. म्हणताना ती हसत होती. पण शेवटचे शब्द अगदी आतून आले. खरंच ये गं, बाळा. ते ती मराठीतच म्हणाली.

हारिनने पहिल्यांदाच मान वर करून नीट पाहिलं.

"बूट बाहेर काढायचे, टीचर?"

"हो. तुमच्यासारखेच."

मुलीचे ओठ हलले. पाठ करत असल्यासारखे.

अष्टमीला हॉलमध्ये पाट मांडले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, शेवयांची खीर. नलिनीबाईंनी एकेकीचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. गार्गीच्या शेजारचा पाट रिकामा होता. त्याच्यापुढेही त्यांनी ताम्हन ठेवलं, पाणी सोडलं, कोरड्या पंच्याने हवेतच पुसल्यासारखं केलं. दोन पोरी खुदखुदल्या. गार्गी हसली नाही. ती थोडी सरकून बसली, शेजारच्याला गुडघा लागू नये म्हणून सरकतात तशी.

"आजी, तिला सांबारं वाढ अजून. तिला तिखट आवडतं."

"बरं, बाय माझे," म्हणत आजीने वाढलं.

जेवणं झाली. पोरींना रुमाल आणि केळी मिळाली. नलिनीबाईंनी दारात उभं राहून एकेकीच्या गालावरून हात फिरवला, "परत ये हां" म्हटलं. इतक्यात खालून वॉचमन ओरडला, टाकीचं पाणी बंद होतंय, भरून घ्या. सगळी धावाधाव. बादल्या भरून रेवती हॉलमध्ये आली आणि तिने पानं उचलली. रिकाम्या पाटापुढचं सांबारं संपलं होतं. गार्गीने खाल्लं असेल, ती स्वतःशी म्हणाली. खरं तर गार्गीला मिरीचा दाणा लागला तरी ती पाण्यासाठी घर डोक्यावर घ्यायची.

पुढच्या वर्गाला हारिनची खोली पडद्यावर आली. खुर्ची होती. खिडकी होती. खिडकीत काळोख होता, जसा या वेळी तिकडे असायला हवा तसा. हारिन नव्हती.

रेवती तास संपेपर्यंत बसून राहिली. मग पुढच्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पडदा उघडलाच नाही, म्हणून तिने अंधेरीच्या ऑफिसात अक्षताला फोन लावला. वर्गांची वेळापत्रकं अक्षताच लावायची.

"शेवटचा तास?" अक्षता म्हणाली. "यार रेवती, त्या वेळेला तुला कुणी दिलेलंच नाहीये. आम्हाला वाटलं, मुलीसाठी तूच तेवढा वेळ मोकळा ठेवतेस."

"हारिन नावाची मुलगी..."

"नाही गं. या नावाचं आपल्याकडे कोणीच नाही."

रेवतीने फोन ठेवला. बाहेर हॉलमध्ये गार्गी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. तिने तर तिला आत्ताच झोपवलं होतं.

त्या आठवड्यात नलिनीबाईंनी दोनदा विचारलं, "चपला कोण लावतां गो अशी?" दाराशी सगळ्यांची पायताणं ओळीत लावलेली असायची, टाचा आत, बोटं बाहेर. निघताना नुसता पाय घालावा. सिद्धेश म्हणाला, वा, घराला शिस्त लागली. कोरियाच्या मुलांनी रेवतीला एकदा घरं दाखवली होती. तिथे चपला अशाच लावतात.

आणि गार्गी जेवेना. म्हणजे ताट रिकामं व्हायचं, अगदी चाटूनपुसून. तिखटसुद्धा. पण फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जंताचं औषध दिलं, वजन मात्र उतरत राहिलं.

"गार्गी, जेवलीस?"

"अजून नाही, आई."

रेवतीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आवाज गार्गीचाच होता.

"तुझं ताट तर संपलंय, सोन्या."

"ते तिने खाल्लं. तिला खूप दिवसांची भूक आहे." गार्गी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मी देते तिला. ती मागत नाही."

रात्री रेवतीने सासूबाईंना सगळं सांगितलं.

"बोलावलं," त्या म्हणाल्या, "पाय धुतले, जेवू घातलं. आणि पाण्यासाठी धावलो. तिला दारापर्यंत सोडायला कुणी गेलंच नाही. निरोप दिल्याबिगर लहान पोर जाणार कसं? आणि चूक आपली, तिची नाय. रागावू नको हां तिच्यावर."

"रागावत नाही," रेवती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मीच बोलावलं. मीच देते निरोप."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने खीर केली. स्टीलच्या छोट्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं. एका नव्या रुमालात केळं बांधलं. नलिनीबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि त्या तिथेच बसून राहिल्या.

रेवतीने दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. शेजाऱ्यांकडे फोडणी बसत होती.

तिने डबा आणि रुमाल उंबऱ्यावर ठेवला. बोटाला कुंकू घेतलं. कुठे लावायचं ते कळेना. मग गार्गीच्या कपाळाच्या उंचीहून थोडं वर, हवेत, हात नेला.

बोट कशाला तरी टेकलं. गार होतं.

तिने हात मागे घेतला नाही.

"हारिन," ती इंग्रजीत म्हणाली, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. "तू आलीस, मला आनंद झाला. आता उशीर झाला. घरी जा, बाळा."

कुणी हललं नाही.

"परत ये हां," आतून नलिनीबाई म्हणाल्या.

गार्गी दारात येऊन उभी राहिली. तिचा एक हात बाजूला धरलेला होता, मुठीत कुणाची तरी बोटं असल्यासारखा. तिने मान कलती केली, ऐकलं, आणि आईकडे पाहिलं.

"आई, ती विचारते, ती घरी गेल्यावर दार कोण उघडणार?"