कमी माणसांची बाजू

चांदणटेकावरच्या वणवावेध केंद्रात भिंतभर पसरलेल्या पडद्यावर आग दिसत होती. तिची रुंदी साडेसहा किलोमीटर होती. दोन वर्षांपूर्वी सावरखोऱ्यातला सगळा बांबू एकाच हंगामात फुलला आणि रिवाजाप्रमाणे एकदमच मेला. उभा वाळलेला तो बांबू आता बंदुकीच्या बारासारखा फुटत पेटत होता. दुपारचे दीड वाजले होते.

"म्हणजे आगीला तुम्ही वळवता?" तहसीलदार डाबेराव यांनी विचारलं. त्यांना या तालुक्यात येऊन अकरा दिवस झाले होते.

"आग स्वतःच वळते. आम्ही तिला दुसरी आग दाखवतो," डॉ. वैजयंती उईके म्हणाली. "मोठा वणवा चारी बाजूंनी हवा ओढतो. त्याच्यासमोर योग्य अंतरावर दुसरा वणवा लावला, तर दोघं एकमेकांना ओढतात. आम्ही त्याला ओढवणवा म्हणतो. ड्रोन जाऊन आगगोळ्या टाकतात. चार-पाच मिनिटांत आगीची फळी तिकडे झुकते."

"मग तिला माळावर न्या की."

"माळ असता तर नेली असती." केंद्राचे प्रमुख डॉ. हेरंब निजसुरे खुर्चीतूनच बोलले. ही यंत्रणा मुळात त्यांची. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा माकडदांड, मधला डोंगर. इथे खोरं दुभंगतं. उत्तरेला बिबाखेडी, दक्षिणेला मोहफाटा. आग अडवली नाही, तर ती दोन्हीकडे घुसेल. वळवली तर एक बाजू वाचेल. दोन्ही नाही वाचत."

"आणि कुठली वाचवायची, हे कोण ठरवतं?"

"यंत्र ठरवतं. ड्रोनच्या उष्णतानेत्रांतून ते प्रत्येक जिवंत माणूस मोजतं. घरात असो, झाडाखाली असो. माणसं कमी, ती बाजू आगीला. दोन्ही गावं रिकामी असली, तर कमी घरांची बाजू. चार वाजता शेवटची मोजणी, मग ड्रोन सुटतील."

पडद्यावर आकडे होते. बिबाखेडी ४१२, मोहफाटा ६५५. बिबाखेडीत गाव सोडायचे भोंगे वाजायला लागून वीस मिनिटं झाली होती. तालुक्याचा रस्ता एक वाजताच पेटला होता, त्यामुळे बाहेरून बस येणं शक्य नव्हतं. गावकऱ्यांनी आपल्याच ट्रॅक्टर-जीपने अकरा किलोमीटरवरच्या धरणाच्या कोरड्या पात्रात जायचं होतं. तिथे जळण्यासारखं काहीच नव्हतं.

दोन वाजता बिबाखेडीचा आकडा ४४० झाला. सव्वादोनला ५३१.

"बिघाड आहे का हा?" डाबेराव म्हणाले. "गाव रिकामं होतंय ना?"

वैजयंतीने ड्रोन खाली आणला. जीप आणि ट्रॅक्टर रांगेने बिबाखेडीत शिरत होते. ट्रॉल्यांमध्ये बायका, म्हातारे, अंथरुणाच्या वळकट्या. गावाबाहेर एकही गाडी जात नव्हती.

निजसुऱ्यांनी रांगेतल्या गाड्या मोजल्या. मग म्हणाले, "हे सालईमेंढ्यावरून शिकले. मागच्या वर्षी तिथल्या लोकांनी आपलं ऐकलं आणि घरं सोडली. शेजारच्या गावाने ऐकलं नाही. सालईमेंढा राख झाला, शेजारचं गाव तसंच उभं आहे. लोक हिशेब करतात, वैजयंती."

अडीच वाजता बिबाखेडी ७०२ झाली. यंत्राने निर्णय फिरवला. आता भोंगे मोहफाट्यात वाजू लागले.

मोहफाट्यात माणसं घरांतून बाहेर पडली. ड्रोनच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. एक बाई शिवणयंत्र डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे धावत होती. कोणी गाईंची दावी कापत होता. एक म्हातारा दार लावून घेऊन आत बसला होता आणि दोन मुलगे ते दार खांद्यांनी फोडत होते. पंधरा मिनिटांत चौदा ट्रॅक्टर भरले. मग कोणीतरी चौकात उभं राहून हात वर केले. ट्रॉल्यांमधलं सामान आणि पोरंबाळं खाली उतरवली गेली आणि त्याच ट्रॉल्यांमध्ये पुरुष चढले. त्यांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या.

"मी जाते," वैजयंती म्हणाली. "बिबाखेडीच्या शाळेतल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. पाहुण्यांना परत पाठवलं, तर हे थांबेल."

डाबेराव तिच्याबरोबर निघाले.

* * *

बिबाखेडीच्या शाळेत सुलोचना भिलावेकर दारातच उभी होती. बावीस वर्षं ती दोन्ही गावांच्या त्या एकाच शाळेची एकटी शिक्षिका होती. वर्गांत, ओसरीवर, पटांगणात माणसंच माणसं होती. पश्चिमेचं आकाश तांबडं-काळं झालं होतं, आणि बांबूचे स्फोट इथवर ऐकू येत होते.

"सुलोचनाताई, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. भावाला, मावशीला, माहेरच्या सगळ्या वाडीला बोलावलं. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच याच फळ्यावर समजावलं होतं, मॅडम. यंत्राला घर दिसत नाही, माणूस दिसतो. आम्ही चारशे बारा आणि ते साडेसहाशे. दर वेळी आम्हीच जळायचं? दोन्ही गावं निघून गेली, तरी घरं कमी म्हणून आमचंच गाव."

"पण मोहफाट्याचे लोक इकडे निघालेत. हत्यारं घेऊन."

सुलोचनाचा चेहरा बदलला. तिने मागे वळून एका तरुणाला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रॅक्टरांचा आवाज आला.

ते बोलायला थांबलेच नाहीत. पहिला ट्रॅक्टर शाळेचं फाटक घेऊनच आत आला. मोहफाट्याचा सरपंच दादाराव येवले मडगार्डवर उभा होता. एरवी लग्नकार्यांत दोन्ही गावांना आग्रह करकरून वाढणारा माणूस. त्याने एकच आरोळी दिली, "पाहुणे भायेर काढा!"

आधी त्यांनी पाहुण्यांच्या जीप पेटवल्या, म्हणजे हुसकलेलं कोणी चारच्या आत परत यायला नको. मग गावचे ट्रॅक्टर पेटवले. मग माणसांकडे वळले. कोण पाहुणा आणि कोण गावचा, हे कुणालाच ओळखता येत नव्हतं, आणि थोड्या वेळाने कोणी ओळखायचा प्रयत्नही करेना. ओसरीवरून एका बाईला केसांना धरून ओढलं गेलं. तिच्या नवऱ्याने वखराची लोखंडी पास उचलली आणि ओढणाऱ्याच्या मानेवर घातली. तो माणूस आवाज न करता बसला आणि तसाच कलंडला. त्यानंतर सगळ्यांना जणू परवानगीच मिळाली.

डाबेराव हात वर करून मध्ये गेले. "मी तहसीलदार आहे, ऐका—" एवढंच त्यांना म्हणता आलं. कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या कपाळावर बसला. वैजयंतीने त्यांना हापशाच्या कट्ट्याआड ओढलं. त्यांचं रक्त तिच्या बाहीतून कोपरापर्यंत आलं. पटांगणात माणसं एकमेकांना दगडांनी, पाट्यांनी, हाताला येईल त्याने मारत होती. शंभर-सव्वाशे पाहुणे कुंपण तोडून धरणाच्या दिशेने पायी पळाले. सुलोचनाचा नवरा शाळेच्या पायरीवर पालथा पडला होता. ती त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली आणि त्याचं डोकं उचलून पुन्हा हळूच खाली ठेवलं.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी वैजयंतीच्या हातातल्या, केंद्राशी जोडलेल्या पडद्याच्या पाटीवर निजसुऱ्यांचा आवाज आला.

"वैजयंती, तिथे काय चाललंय? बिबाखेडी नऊशे दोन दाखवतेय."

तिने पाटीकडे पाहिलं. बिबाखेडी ९०२. मोहफाटा ३१५.

क्षणभर तिला अर्थ लागला नाही. मग लागला. ती कट्ट्यावर चढली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, "दादाराव! तुमच्या गावात किती माणसं आहेत?"

दादारावने वळून पाहिलं. त्याच्या सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं.

"इथला आकडा कमी करायला तुम्ही तीनशे चाळीस जण आलात! यंत्र तुम्हालाही मोजतंय! तुम्ही आत्ता बिबाखेडीचे आहात! मोहफाट्यात तीनशे पंधरा उरलेत, बायका, पोरं, म्हातारे. आग तिकडे जाणार आहे!"

"खोटं बोलू राह्यली," कोणीतरी म्हणालं.

तिने पाटीचा आवाज वाढवला. "सर, निर्णय सांगा. मोठ्याने."

"मोहफाटा," निजसुरे म्हणाले. "फरक पाचशे सत्त्याऐंशीचा. त्यांनी लगेच निघायला हवं. पण वैजयंती, त्या गावात मला एकही ट्रॅक्टर दिसत नाही."

मारामारी एकाच वेळी सगळीकडे थांबली नाही. जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी लांबच्यांना ओढलं. मग पटांगणात फक्त जळत्या जीपचा आवाज राहिला. चौदाच्या चौदा ट्रॅक्टर इथे उभे होते.

"चढा!" दादाराव किंचाळला. "चढा रे, चढा!"

"सर," वैजयंतीने विचारलं, "ते परत गेले तर? चारच्या आत?"

"दांडाच्या खिंडीपलीकडे पोचले की यंत्र त्यांना मोहफाट्यात धरेल. खिंड ट्रॅक्टरने दहा मिनिटांवर आहे. मग मोहफाटा साडेसहाशे आणि बिबाखेडी..." त्यांनी वजाबाकी केली. "पाचशे साठ-बासष्ट. निर्णय परत फिरेल. बिबाखेडीतून निघायला गाड्या आहेत?"

गाड्या समोरच जळत होत्या. पटांगणात जखमी पडले होते. त्यांना उचलून अकरा किलोमीटर पायी जाणं होण्यासारखं नव्हतं.

तिने वर पाहिलं तेव्हा सुलोचना तिच्या शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी नीट समजले का, मॅडम?" तिने विचारलं. वर्गात विचारावं तितक्या शांतपणे. "हे लोक गेले, तर आम्ही जळणार. हे इथेच राहिले, तर आम्ही वाचणार."

वैजयंतीला खोटं बोलता आलं असतं. पुढे चौकशीत तिने ते स्वतःहून सांगितलं. त्या क्षणी तिला फक्त एवढंच सुचलं की या बाईला आपण आजवर कधी खोटं सांगितलेलं नाही.

"हो," ती म्हणाली.

सुलोचना पायरीपाशी गेली. नवऱ्याशेजारी पडलेली कुऱ्हाड तिने उचलली आणि फाटकाकडे चालत गेली. पहिल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर तिने घाव घातला. टायर फुटला, तोंड वाकडं झालं, ट्रॅक्टर फाटकातच आडवा अडकला. मग ती वळली आणि गावाला म्हणाली, "यायले जाऊ देऊ नका. एकालेही नाही."

पाच मिनिटांपूर्वी ज्यांना हुसकून लावत होते, ती माणसं आता हुसकणाऱ्यांना धरू लागली. बायकांनी ट्रॉल्यांवर चढून माणसांचे पाय ओढले. फाटलेल्या कपाळाचा एक म्हातारा एका तरण्या माणसाच्या कमरेला मिठी मारून लोळत होता आणि सोडत नव्हता. मोहफाट्याचे पुरुष आता मारत नव्हते, सुटण्यासाठी धडपडत होते. रडत होते, बायकोपोरांची नावं घेत होते. कुंपणावरून उडी मारणाऱ्या एकाच्या पायावर दगडी वरवंटा बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरीही पंचवीस-तीस जण निसटले आणि खिंडीच्या दिशेने पळत सुटले. पायी ती चाळीस मिनिटांवर होती.

दादाराव फाटकात सुलोचनासमोर गुडघ्यांवर आला. "बाई, मायी नात हाये तिथं. सहा वर्साची."

"मले मालूम हाये. मायाच वर्गात हाये ते. वाचन चांगलं हाये तिचं."

"मंग जाऊ द्या ना, बाई."

सुलोचनाने कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरली होती. ती बाजूला झाली नाही.

"सर," वैजयंती पाटीत म्हणाली, "हाताने थांबवता येईल ना तुम्हाला?"

"येईल. थांबवलं, तर आग दोन्हीकडे जाईल. बाराशेच्या वर. मी काय करू, तू सांग." निजसुऱ्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "सांग ना."

तिने काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. काही न करणं पुरेसं होतं.

बरोबर चार वाजता बारा ड्रोन धुरातून बाहेर आले, शाळेवरून ओळीने गेले आणि दांडाच्या पलीकडे वळले. थोड्या वेळाने तिकडून धुराचा नवा खांब उठला. पश्चिमेची फळी, जी सरळ बिबाखेडीकडे येत होती, ती मान वळवावी तशी दक्षिणेकडे झुकली. वारा फिरला. शाळेच्या पटांगणातली राख, पानं, कागद सगळं मोहफाट्याच्या दिशेने ओढलं जाऊ लागलं. मग कोणी कोणाला धरेना. मोहफाट्याचे पुरुष खाली बसले, आणि त्यांना धरून ठेवणारे त्यांच्या शेजारीच बसले.

वैजयंती पाटीवरचा आकडा पाहत राहिली. काही वेळ तो ३१५ होता. मग हवाच माणसाच्या अंगाहून जास्त तापली आणि आकड्याच्या जागी ओळ उमटली : माणसे मोजता येत नाहीत.

* * *

मोहफाट्यातून एकशे एकवीस जण चालत धरणाच्या पात्रापर्यंत पोचले. त्यांत दादारावची सून होती. नात नव्हती. खिंडीकडे पळालेल्यांपैकी नऊ जण परत आले. बिबाखेडीच्या शाळेत तेवीस माणसं मेली. घरं सगळी शाबूत राहिली.

चौकशी समितीला यंत्रात कुठेही दोष सापडला नाही. प्रत्येक मोजणी अचूक होती आणि प्रत्येक निर्णय नियमाला धरून होता. मोजणीचा नियम गुप्त ठेवावा, अशी एक सूचना आली. ती ऐकून निजसुरे हसले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. नियम आता खोऱ्यातल्या पोरांनाही पाठ होता. सुलोचना भिलावेकरने आपलं म्हणणं एका वाक्यात लिहून दिलं, की विचारलेलं सगळं खरं आहे. कपाळावर टाके घेऊन परतलेल्या डाबेरावांनी दोन्ही गावांसाठी एकच छावणी उभारायचा आदेश काढला. तिथे राहायला कोणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वैजयंती पाहणीला पुन्हा सावरखोऱ्यात गेली. उरलेला बांबू वाळून उभाच होता, यंत्र आणि त्याचा नियमही तेच होते. मार्च संपत आला होता, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी नवं लोखंडी फाटक बसलं होतं, शेजारी पहाऱ्याला चार माणसं. पहिल्याच गावात तिची जीप कोणी अडवली नाही. उलट हसून आत घेतली, चहा दिला, तेवढंच एक माणूस जास्त, चार दिवस राहा म्हणाले.

संध्याकाळी ती परत निघाली, तेव्हा फाटकाला आतून कुलूप होतं.