सिल्व्हियाची पडछाया

शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, नाशिकच्या बंदिस्त क्रीडागृहात, अकोल्याच्या अश्लेषा वानखडेने वसईच्या सिल्व्हिया डाबरेला बॉक्सिंगच्या लढतीत हरवलं. ओळीने चौथ्यांदा. पाचही पंचांचा कौल अश्लेषाच्या बाजूने पडला.

या दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या होत्या अकोल्यात. तेव्हा सिल्व्हियाने अश्लेषाला दुसऱ्याच फेरीत खाली बसवलं होतं, तेही तिच्या गल्लीतल्या माणसांसमोर. पुढचे सहा महिने भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तिला ‘कंबर बरी आहे का’ म्हणून विचारत होते. त्यानंतरच्या चारही लढती तिने जिंकल्या. वर्तमानपत्रांनी त्यावर ‘व्याजासह वसुली’ अशी शीर्षकं दिली.

निकालानंतर जिंकणारीने प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात जायचं, तिच्या प्रशिक्षकाला वाकून नमस्कार करायचा आणि त्याने आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजायचं, ही रिंगमधली जुनी रीत आहे. अश्लेषा गेली. सिल्व्हियाचे प्रशिक्षक आंतोन लोपीस यांनी तिला घोटभर पाणी दिलं आणि तीच बाटली सिल्व्हियापुढे धरली. ते तिच्या डाव्या बाजूला उभे होते. सिल्व्हिया समोर बघत राहिली. लोपीसांनी हाक मारली, मग खांद्याला हात लावला, तेव्हा तिने अख्खी मान वळवून बाटली घेतली.

“तुझा उजवा हात कुठे लपवून ठेवतेस गं?” ती अश्लेषाला हसत म्हणाली. “लागतो तेव्हाच कळतं, आला म्हणून.”

“चष्मा घे म्हणतो मी हिला,” लोपीस म्हणाले.

अश्लेषाही हसली. परतीच्या बसमध्ये मात्र ती बाटली तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तिच्या चार विजयांमागे एक यंत्र होतं. काही वर्षांपूर्वी राज्य संघटनेने प्रत्येक खेळाडूला संवेदक बसवलेलं गमशील्ड सक्तीचं केलं. ठोशांपासून दात वाचवणारी ही रबरी ढाल आता डोक्याला बसणारा हादराही मोजू लागली. धोका दिसताच खेळाडूला थांबवता यावं, असं कारण देण्यात आलं आणि आईबापांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभरात त्याच नोंदी लढतींच्या चित्रणासह एका कंपनीकडे गेल्या. खेळाडूंना कोणी विचारलं नाही. कंपनीने त्यांतून ‘पडछाया’ घडवली: खांबावर बसवलेलं रबरी धड, गादीचे दोन हात, वर कॅमेरे. प्रतिस्पर्ध्याचं नाव निवडलं की धड तिच्यासारखं डुलतं, तिच्यासारखा बचाव करतं, तिच्याच वेगाने मारतं. शेजारच्या पडद्यावर एक लाल ठिपका दिसतो. कंपनी त्याला ‘उघडी जागा’ म्हणते. तिथे मारलं की लागतं.

सोमवारी सकाळी अश्लेषा क्लबमध्ये आली ती हातांना पट्ट्या बांधूनच.

“सर, सिल्व्हियाची पडछाया लावा. अकोल्याच्या लढतीतली. जुनी.”

तिचे प्रशिक्षक विजय इंगोले चहा पीत होते. “काहून? जिंकली ना बाप्पा. दोन दिवस झोप. जुनी लावून काय करून राहिली?”

“लावा तर खरं.”

धड डुलू लागलं. अश्लेषाने दोन डावे ठोसे टाकले आणि पाठोपाठ उजवा, शनिवारी ज्याने सिल्व्हियाला बेजार केलं होतं तोच. गादीचा डावा हात आधीच वर आला होता. उजवा त्याच्यावर आपटला आणि उलटा ठोसा तिच्या बरगडीत बसला. तिने पुन्हा टाकला, वाकून टाकला, हुलकावणी देऊन टाकला. घामाघूम होईपर्यंत तिचा एकही उजवा लागला नाही.

“आता शनिवारची लावा.”

हिच्यावर पहिलाच उजवा बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला अश्लेषाने मुद्दाम हात आवरता घेतला आणि नुसतं पाहत राहिली. गादीचा डावा हात वर येत होता, पण ठोसा येऊन गेल्यावर, कोणीतरी मागाहून निरोप द्यावा तसा.

“मी सुधारली नाही, सर,” ती म्हणाली. “ती बिघडून राहिली. आणि हे तुम्हाले माहीत होतं.”

इंगोल्यांनी कप खाली ठेवला. “दुसऱ्या लढतीपासून पडदा डावी बाजू उघडी दाखवते. दर खेपेला जरा जास्त. एवढं माहीत होतं. काहून उघडी, ते मी विचारलं नाही. माझ्या पोरीनं जिंकावं, हे माझं काम आहे.”

“अन् ते कोणाची पोरगी आहे?”

इंगोल्यांनी यंत्र बंद केलं.

दुपारी अश्लेषाने कंपनीचे अभियंता निरंजन पोंक्षे यांना फोन लावला. ते नम्रपणे बोलले. डोक्याला वारंवार मार बसला की शरीराची एक बाजू अशी मंदावू शकते, हे त्यांनी मान्य केलं. नक्की सांगायला मेंदूची तपासणी करावी लागेल, असंही सांगितलं.

“मग तुम्ही तिला कळवलं का नाही?”

“यंत्र उघडी जागा शोधतं. कारण शोधत नाही.”

“यंत्राचं सोडा. तुम्ही?”

“मॅडम, नोंदी संघटनेच्या आहेत. खेळाडूला थेट कळवणं करारात बसत नाही.”

“मला कळवणं बसतं. तिला कुठं मारायचं, हे मला लाल ठिपका लावून दाखवणं बसतं. तिला सांगणं बसत नाही?”

“तुम्ही ग्राहक आहात,” पोंक्षे म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही अवघडलेपण नव्हतं.

महिन्याभराने निवड चाचणी होती. अश्लेषा आणि सिल्व्हिया सहाव्यांदा लढणार होत्या आणि जिंकणारी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. अश्लेषाने सिल्व्हियाला फोन केला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं.

“झालं तुझं?” सिल्व्हिया म्हणाली. “चांगली शक्कल आहे हां. पोरीला घाबरवायचं, डॉक्टरकडे पाठवायचं, की चाचणीतून नाव कटलंच. चार वेळा मारलंस, पाचव्यांदा मारायचं धाडस नाही होत?”

“माझ्या आईची शपथ, सिल्व्हिया.”

“आईला मध्ये आणू नकोस. रिंगमध्ये भेट.”

फोन बंद झाला. अश्लेषाला राग आला तो सिल्व्हियाचा नव्हे. सिल्व्हियाच्या जागी ती असती, तर तिनेही हेच म्हटलं असतं.

तिने दोन्ही पडछायांचं चित्रण शेजारी शेजारी लावून लोपीसांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत.

“मी तिला चष्मा घ्यायला सांगत होतो,” ते म्हणाले. “आमच्या क्लबकडे हे यंत्र नाही, बाय. तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं.”

लोपीसांनी चित्रणासह संघटनेकडे तक्रार केली. सिल्व्हियाची तपासणी संघटनेने करावी आणि तोवर चाचणी पुढे ढकलावी, अशी मागणी केली. तपासणीच्या निकालावरून कोणाचंही नाव कापणार नाही असं संघटना लिहून देईल, तर मी आजच दवाखान्यात जाते, असं सिल्व्हियाने त्यांना सांगितलं होतं. तसं काही लिहून मिळालं नाही. गोपनीय माहिती फोडल्याबद्दल अश्लेषाला मात्र नोटीस आली.

“मी नाव मागे घेतो, सर,” ती इंगोल्यांना म्हणाली.

“घे. मग सिल्व्हिया न लढता पुढे जाईल. राष्ट्रीयला तिच्यासमोर जे येईल, ते हिशेबानं मारणार नाही.”

“मग उभी राहतो, अन् उजवा टाकतच नाही.”

“तरी तेच. तू हरशील अन् ते पुढे जाईल.”

“म्हणजे तिला वाचवाचं तर तिला हरवाच लागते? अन् हरवाचं तर तिथंच मारा लागते?”

उजवा न वापरता जिंकता येईल असा सराव इंगोल्यांनी त्या दिवसापासून सुरू केला. शनिवारच्या सिल्व्हियावर तो कधी चालायचा, कधी नाही.

लोपीसांच्या तक्रारीवर ‘सर्व घटकांचं मत’ घ्यायचं ठरवून संघटनेने ती चित्रणासकट राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या सगळ्या राज्यांच्या संघटनांना पाठवली. त्यात सिल्व्हियाची डावी बाजू कशी आणि किती उशिरा वर येते, हे कोणालाही समजेल इतकं स्पष्ट दिसत होतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी सिल्व्हियाने वजन दिलं. डॉक्टरांनी तिची नाडी आणि रक्तदाब पाहिला, बोटं वाकवून पाहिली आणि लढायला हरकत नाही म्हणून सही केली. थोड्या वेळाने अश्लेषाही काट्यावर उभी राहिली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

लढत दुपारी चारला आहे. तक्रारीवर दुपारपर्यंत एकाही राज्याचं मत आलेलं नाही. त्यांतल्या सात राज्यांनी कंपनीकडे सिल्व्हियाची पडछाया मागवली आहे.