केसांच्या मुळाशी

"काय केलंत तुम्ही माझ्या मुलीच्या डोक्याला?"

निशाचा आवाज एवढा चढला, की बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या दत्तोबांनी चष्मा काढून आत पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मैना उभी होती. तिच्या हातातल्या वाटीतलं खोबरेल अजून कोमट होतं. समोर पाटावर आठ वर्षांची संस्कृती मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या उजव्या कानाच्या वर, आईनं केस बाजूला सारले होते तिथं, सुपारीएवढी उघडी जागा खिडकीतल्या उन्हात चकाकत होती.

"रोज संध्याकाळी ते तेल, ते रगडणं... मी नको म्हणत होते ना? टक्कल पडलंय तिला, मावशी! एवढ्याशा पोरीला!"

मैनाच्या ओठांशी उत्तर आलं होतं. ती जागा तिच्या बोटांना आठ दिवसांपूर्वीच लागली होती. त्याच दिवशी दुपारी टीव्हीसमोर बसलेल्या नातीचं बोट एका केसाभोवती वळसे घेताना तिनं पाहिलं होतं... आणि मग तो छोटासा झटका! पोरीच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, उलट क्षणभराची विचित्र शांती होती.  पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं, आणि त्या पुढच्याला तिनं तीस वर्षं ओठांच्या आत कोंडून ठेवलं होतं.

"बोला ना!" निशाचे डोळे भरून आले. "मला विसर पडलाय असं वाटतं का तुम्हाला? मीही आठ वर्षांचीच होते. भर अंगणात बसवून तुम्ही माझे केस कापलेत... अगदी मुळापासून! माझ्या आईनं वाढवलेले केस होते ते. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं! तेव्हा मला कुणी वाचवलं नाही. पण माझ्या मुलीच्या डोक्याला यापुढे तुमचा हात लागता कामा नये."

मैनानं वाटी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि एवढंच म्हणाली, "बरं."

त्या एका शब्दात केवढा शीण होता! दत्तोबांची दुसरी बायको म्हणून ती धायरीच्या या घरात आली तेव्हा भोवताली ज्वारी उभी असे. आता त्या जागी इमारती उभ्या होत्या, आणि त्या इमारतींमधल्या कितीतरी बाळंतिणींना, त्यांच्या तान्ह्यांना मैनाच्या हाताची मालिश मिळाली होती. लोक तिला बोलवायला येत, तिच्या हाताला गुण आहे म्हणत. फक्त या घरातल्या एका लेकीच्या लेखी ते हात कात्री धरणारेच राहिले. निशा शिकली, मोठ्या कंपनीत लागली, लग्न करून गेली. नवऱ्याशी, रविराजशी पटेना म्हणून या जूनमध्ये मुलीला घेऊन परत आली, तीही वडिलांच्या घरी... मैनाच्या नव्हे. रविराज बंगळुरूला निघून गेला. संस्कृतीची शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, बाबांचा फोन रोजचा आठवड्यावर गेला. पोर काही बोलत नव्हती. पण न बोलणाऱ्या पोरांचे हात बोलतात, हे मैनाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संस्कृती पाट घेऊन स्वतःच येऊन बसली.

"आजी, आज तेल नाही?"

"न्हाई बाळा. आईनं नगं म्हणलंय."

पोरगी पाट उचलून गेली. मैना भाकरी थापत राहिली, पण तिचं सारं लक्ष बाहेरच्या खोलीकडे होतं. मालिश चालू असताना तो अर्धा तास तरी पोरीचे हात मांडीवर स्वस्थ पडून असत. आता तेही गेलं! पाच दिवसांत वहीच्या पानांत, उशीच्या अभ्र्यावर, सोफ्याच्या कडेला केस दिसू लागले, आणि सुपारीएवढी जागा लिंबाएवढी झाली.

सहाव्या दिवशी मैना निशासमोर जाऊन उभी राहिली. "निशा, माझ्यावर राग धर, पण पोरीला डाक्टरकडं ने. हे तेलानं झालेलं न्हाई."

"मग कशानं?"

मैनानं नजर वळवली. "दाखव तर आधी."

स्वारगेटजवळच्या एका दवाखान्यात संस्कृतीनं आजीचं बोट सोडलं नाही, म्हणून निशाला मैनालाही आत घ्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ डोकं तपासलं, मग संस्कृतीला बाहेर काचेच्या टाकीतले मासे पाहायला पाठवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हा तेलाचा दोष नाही. केस मध्येच तुटलेत, कुठं आखूड, कुठं लांब. मुलगी स्वतः उपटतेय."

"शक्यच नाही!" निशा ताडकन म्हणाली. "ती कशाला असं करेल?"

"मुद्दाम करत नाही ती. मनावर ताण असला की काही मुलांचा हात आपसूक तिकडे जातो. घरात अलीकडे काही बदललंय का?"

निशाचा चेहरा पांढराफटक पडला.  कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मैना हलकेच म्हणाली, "तिच्यावर वरडू नगंस. हात बांधायचे न्हाईत, मिरची लावायची न्हाई. हाताला काम द्यायचं. टीव्ही बघताना, झोपायच्या आधी... तवा जास्ती जपायचं."

डॉक्टरीणबाईंनी चमकून पाहिलं. "अगदी बरोबर. आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"बघितलंय... एका पोरीचं."

"आणि मालिश?" निशानं कसंबसं विचारलं. "ती बंद केली ना मी?"

"का केलीत? तेल चोळलं की टक्कल भरतं असं मी म्हणणार नाही. हिला समुपदेशनच लागेल, मी नाव देते. पण हलकी मालिश चांगलीच. टाळूला रक्त नीट मिळतं, त्वचा मऊ राहते, आणि मुख्य म्हणजे मुलीचं डोकं कुणाच्या तरी मायेच्या हातात राहतं. नखं लावायची नाहीत, जोर करायचा नाही, केस ओढायचे नाहीत. मूळ शाबूत असलं की केस परत येतो. फक्त धीर धरायचा."

रिक्षा सिंहगड रस्त्याच्या गर्दीत रखडत होती. संस्कृती आजीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती. निशा समोर पाहत म्हणाली, "मावशी, कोणती पोरगी?"

"हाय... व्हती एक. लांबची."

"लांबची म्हणजे?"

"सिग्नल सुटला बघ," मैना म्हणाली आणि बाहेर पाहू लागली.

घरी आल्यावर निशानं वडिलांना दवाखान्यात काय झालं ते सांगितलं.  "बाबा, मी मावशींवर एवढी ओरडले... आणि चूक माझ्याच घरात होती!" दत्तोबा ऐकत होते. हातातला पेपर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला.

"मैना," ते म्हणाले, "आता मला सांगू दे."

"अहो, गप बसा तुम्ही!" मैना घाईनं पुढं आली. "शपथ घातलीय मी तुमाला. दमलीय ती, जेवू द्या तिला."

"तीस वरसं गप बसलो! आजून किती?" आयुष्यभर मऊ बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज त्या घरानं एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "निशा, ती पोरगी लांबची न्हाई. ती तू हाईस."

निशानं वळून आधी मैनाकडे, मग वडिलांकडे पाहिलं.

"तुझी आई, जया गेली, आन् तू बोलायची बंद झालीस. गोठ्यामागं बसायचीस आन् एकेक केस उपटायचीस. ही लग्न होऊन आली तवा तुझ्या डोक्याला चार ठिकाणी चट्टे व्हते. गावातल्या बाया म्हणाया लागल्या, पोरीला आईनं झपाटलंय. तुझ्या आत्यानं देवऋषी ठरवला. दुसऱ्या दिशी तुला न्यायचं, धूर द्यायचा, चटके द्यायचे... आन् मी, तुझा बाप, नगं म्हणू शकलो न्हाई! माझी जीभच उचलली न्हाई गं..." दत्तोबांनी डोळे मिटले. "त्या सकाळी हिनं कात्री घेतली. सगळे केस कापले, चट्टे कुणाला दिसू न्हाईत म्हणून. आन् अंगणात उभी राहून वरडली, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, मला रोज वेणीफणी करायला येळ न्हाई! सगळा गाव हिच्या तोंडावर थुंकला. सावत्र ती सावत्रच, म्हणला. पण चट्टे उवांच्या नावावर गेले, आन् केसच न्हाईत म्हणल्यावर झपाटल्याची गोष्ट तिथंच मिटली. देवऋषाकडं तुला न्यावं लागलं न्हाई."

 निशाचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. गोठ्यामागची ती ओली भिंत... बोटांत धरलेला एक लांब काळा केस, त्याच्या टोकाचा पांढरा ठिपका... कुठल्या तरी स्वप्नातलं म्हणून तिनं आजवर दूर लोटलेलं ते सारं एकाएकी खरं होऊन तिच्यासमोर उभं राहिलं!

"आणि त्यानंतर रोज संध्याकाळी..." ती पुटपुटली, "तुम्ही मला धरून बसवायचात. मी दात-ओठ खात बसायचे. मला वाटायचं, कापले म्हणून आता लोकांना दाखवायला तेल लावताय..."

मैना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"का नाही सांगितलंत?" निशा एकदम ओरडली, आणि त्या ओरडण्यात रागापेक्षा आकांत होता. "मी मोठी झाले, माझं लग्न झालं, मला मूल झालं! एकदा तरी सांगायचं होतं! मी तुम्हाला काय काय बोलले... लग्नात आईच्या जागी आत्याला बसवलं मी! देवा... त्या आत्याला!"

"सांगून काय झालं असतं?" मैना भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. "तू लहान व्हतीस तवा भ्या वाटायचं, आठवण काढली तर हात परत जाईल डोक्याकडं. आन् मोठी झाल्यावर... तुला खरं सांगू? तू माझ्यावर चिडायचीस ना, त्या दिवसापासून तुझं केसं उपटणं कमी झालं. आई मेली त्याचा राग कुणावर काढायचा, हे लेकराला कळत नव्हतं, म्हणून ते सोताच्याच डोक्यावर काढत व्हतं. मग मी गावले. म्हणलं, असू दे. माझ्यावर काढ बाई! माझं काय बिघडतंय?"

"बिघडलं ना!" निशा तिच्यापुढे कोसळली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. "तुमचं सगळं आयुष्य बिघडलं, मावशी..."

"रड," मैना म्हणाली. "तवाबी तू रडली न्हवतीस."

त्या दिवसानंतर सगळं झटपट सुरळीत झालं असं मात्र नाही. संस्कृतीला दर शनिवारी समुपदेशकबाईंकडे न्यावं लागे. कधी चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी उशीवर पुन्हा केस दिसत, मग निशा बाथरूममध्ये जाऊन रडून येई. रविराजला तिनं स्वतः फोन केला, आपलं भांडण बाजूला ठेवून, आणि रोज रात्री जेवणाआधी लेकीशी बोलायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मैनानं नातीच्या हातांना कामं दिली. मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या, कणकेच्या चिमण्या करायच्या. आणि संध्याकाळी मालिश. बोटांची पेरं टाळूवर टेकवायची, घासायची नाहीत, फक्त कातडी हलेल एवढी गोल फिरवायची, कपाळापासून मागं मानेपर्यंत, सावकाश... जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मैनाची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. सांधे सुजत, वाटी धरतानाही कळ येई. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण एका रविवारी दुपारी निशानं ते पाहिलं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "आजपासून मी करते. मला शिकवा."

"लगेच पोरीच्या डोक्यावर न्हाई. हात जड असतो शिकताना."

"मग तुमच्या डोक्यावर शिकते. बसा."

"माझ्या?" मैना हसली. "पांढऱ्या केसांना काय करायचीय मालिश! भाजी टाकायचीय अजून..."

"बसा हो!"

मैना संकोचून पाटावर बसली. निशानं मागं स्टुलावर बसून तिचा अंबाडा सोडला. विरळ, रुक्ष झालेले केस पाठीवर पसरले. निशाची बोटं टाळूवर टेकली आणि मैनाचं सारं अंग आक्रसलं. आपल्या डोक्यावर शेवटचा हात कुणी ठेवला होता? आईनं... सासरी निघताना. शेकडो डोकी या हातांखालून गेली, पण तिच्या डोक्याचा कुणाला विचारही आला नव्हता, आणि तिलाही कधी आला नव्हता!

"जोर जास्त होतोय का?"

"उलिसा कमी... हां. आता मागं घे. नखं वर ठेव."

"असं?"

"असंच."

 मैनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. हळूहळू खांदे खाली आले, मान मागं झुकली आणि निशाच्या गुडघ्याला टेकली.

संस्कृती शेंगांची परडी घेऊन धावत आली. कानावरच्या जागी पिल्लाच्या पिसांसारखी बारीक काळी लव उभी राहिली होती, दुपारच्या उन्हात ती स्पष्ट दिसत होती.

"आई, आजी भाजी कधी..."

"हळू बोल," निशा कुजबुजली. "झोपलीये."

"दुपारची? आजी?"

"हो. तू जा, आजोबांना सांग, आज भाजी मी टाकणार आहे. थोड्या वेळानं."

पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी निशा हलली नाही. तिची बोटं मात्र चालूच होती... अगदी सावकाश.