दिवे खाणारी राणी आणि हरवलेला फर्मा

"मेला? कोण मेला? अगं, काहीतरीच काय!"

भोपळा जिन्यात असा ओरडला, की खालच्या मजल्यावरच्या काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय झालं रे? कोण गेलं?"

"कुणी नाही हो काकू, पुस्तकातला एक मुलगा!" वकीलबाईने खाली वाकून सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि दार लावून घेतलं.

भोपळ्याला एकदा गणितात भोपळा मिळाला होता, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. वकीलबाईचं म्हणाल, तर भर दुपारी ऊन पडलंय म्हटलं तरी ती म्हणणार, "कशावरून?" आणि तिसरी मुंगी, ती खालच्या पायरीवर ओठ दाबून बसली होती. तिने आपल्या सहा वर्षांच्या भावाचा हात घट्ट धरून ठेवला होता. भावाचं नाव शेपूट, कारण सुट्टी लागली की तो सतत ताईच्या मागे. पण गेले दोन दिवस गंमतच झाली होती. शेपूट ताईच्या मागे नव्हता, ताईच शेपटाच्या मागे होती! तो न्हाणीघरात गेला तरी ही दाराबाहेरून विचारायची, "आहेस ना रे?"

"आहे गं! साबण लावतोय!" तो वैतागून ओरडायचा.

सगळं झालं होतं त्या पुस्तकामुळे. मुंगीची आत्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. गिऱ्हाईक नसलं, की खणातून कागद काढून लिहायची. असं चार वर्षं लिहून तिची कादंबरी पुरी झाली, 'दिवे खाणारी'. गावातले दिवे गिळून अंधारावर राज्य करणारी एक राणी, आणि तिच्याशी झुंजणारी दोन भावंडं. प्रकाशकांनी आधी थोड्याच प्रती काढून लोकांना वाचायला दिल्या होत्या. पहिली मतं ऐकायची, मगच खरी छपाई. मुलांसाठीचं पुस्तक, म्हणून या टोळीलाही प्रती मिळाल्या होत्या.

"मला विचाराल तर पुस्तक थंड आहे," भोपळा म्हणाला. "राणी रात्र मागे फिरवते, तो भाग तेवढा भारी! खरोखर मागे फिरते! तीच पानं पुन्हा, पानांचे आकडेसुद्धा मागे! पण नंतर तो भाऊ गायबच. बहीण शेवटपर्यंत रडते. कशाला रडते, देव जाणे!"

"बरोबर," वकीलबाई म्हणाली. "लेखिकेने खुलासा करायला हवा होता."

"तो मेला!" मुंगी ताडकन उभी राहिली. "शेवटचा दिवा घेऊन विहिरीत उतरला! बहीण वरून हाका मारत राहिली आणि... आणि तुम्हाला ते थंड वाटलं? दगड आहात दोघं!"

"कुठली विहीर?" दोघं एकदमच म्हणाले.

तेवढ्यात वरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती, आणि आवाज अगदी पडलेला होता.

"हो, कळलं. इतक्या जणांनी वाचलं आणि विहिरीच्या प्रकरणाबद्दल एक शब्दही कुणी काढला नाही, म्हणजे ते कुणाला भिडलंच नाही. माझी भाचीसुद्धा दोन दिवस काही बोलली नाही... समीक्षकसर म्हणताहेत तर कापू या. भावाला जिवंतच ठेवते. पाचला वाचनालयात येते."

मुंगी बोलली नव्हती हे खरं, पण का, ते आत्याला कुठे माहीत होतं? पुस्तक मिटल्यापासून ती आत्यावर चिडली होती. इतक्या गोड पोराला मारायचंच कशाला? तिच्याशी बोलायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि आता मात्र ते प्रकरण पुस्तकातून जाणार म्हटल्यावर तिला एका जागी उभं राहवेना.

"तुमची पुस्तकं आणा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

तिन्ही प्रती पायरीवर शेजारी-शेजारी उघडल्या गेल्या. मुंगीच्या प्रतीत पान ऐंशीनंतर एक्क्याऐंशी आणि पुढे विहीर. बाकी दोन्हींत ऐंशीनंतर पुन्हा पासष्ट! पुढे परत ऐंशीपर्यंत जाऊन थेट सत्त्याण्णव.

"म्हणजे रात्र मागे फिरलीच नव्हती?" भोपळ्याचा चेहरा पडला. "मला केवढी भारी वाटली होती!"

"तुझी प्रत वेगळी कशी?" वकीलबाईने विचारलं.

"आत्याला मिळालेली पहिली प्रत आहे ही. तिने तपासली आणि मला दिली. तिच्याकडे दुसरी नाहीच!"

चौघं धडाधड वर गेली, तर आत्या मागच्या जिन्याने निघून गेलेली. फोन बंद. मुंगीने प्रकाशकांना फोन लावला.

"काका, पुस्तकात पानं चुकली आहेत!"

"बेटा, प्रती तपासूनच पाठवल्यात. मोठ्यांच्या कामात लुडबूड करू नये," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"लुडबूड!" भोपळा फणफणला. "चला रे, आता खरीच लुडबूड करू!"

पुस्तकावर छापलेल्या पत्त्यावर, बाजाराच्या मागच्या गल्लीत, बाइंडिंगचा कारखाना होता. आत खळीचा आंबूस वास आणि जमिनीवर कागदाच्या कातरणांचा खच. मध्ये एक लांबलचक टेबल, त्यावर घड्या घातलेल्या कागदांचे ढीग ओळीने लावलेले. 'दिवे खाणारी'च्या उरलेल्या प्रती जुळवायला दोन बायका टेबलाभोवती फिरत होत्या, प्रत्येक ढिगातून एकेक घडी उचलत होत्या. फेरी पुरी झाली की एक पुस्तक तयार! एका घडीत सोळा पानं, तिला म्हणायचं फर्मा. टेबलाच्या टोकाला मालक खुर्चीत उंच बसून फोनवर हसत होते.

वकीलबाई ढिगांवरचे आकडे वाचत निघाली. "एक, सतरा, तेहतीस, एकोणपन्नास, पासष्ट... पासष्ट!" ती थांबली. "काका, पाचवा फर्मा दोनदा लावलाय! सहावा कुठेय?"

"आला असेल तेवढा लावला." मालकांनी फोनवर हात ठेवला. "संपल्यावर छापखान्याने जो गठ्ठा दिला, तो ठेवला. जा पळा, इथे खेळायचं नाही."

"पण आकडा नको का बघायला?"

"वीस वर्षं हेच करतोय! मला आकडे शिकवतेस?"

भिंतीवरचा काटा पाचाकडे सरकत होता. आणि शेपूट कुठेय? मुंगी दचकली. हात सुटला कधी? "शेपट्या! आहेस ना रे?"

"आहे!" टेबलाखालून आवाज आला. "ताई, इथे आठ आहे! आणि एक आहे!" शेपूट नुकताच आकडे वाचायला शिकला होता आणि दिसेल तो आकडा वाचत सुटायचा. मुंगी खाली वाकली. मालकांची खुर्ची बुटकी होती. टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून त्यांनी बैठकीवर सुतळीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा ठेवला होता, त्यावर गादी, आणि गादीवर स्वतः मालक!

"काका, जरा उठता का?" मुंगी म्हणाली.

"का उठू? माझ्याच कारखान्यात?"

भोपळ्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि किंचाळला, "अहो काका, बाहेर हिरवी स्कूटर कुणाची? बकरी सीट खातेय!"

मालक असे उडाले, की फोनही खुर्चीतच राहिला. बाहेरून "कुठेय? कुठेय बकरी?" असा आरडाओरडा ऐकू येईपर्यंत इकडे गादी बाजूला झाली होती. सहावा फर्मा! सगळाच्या सगळा, बसून बसून थोडा चेपलेला.

मालक परत आले ते तांबडेलाल होऊन. पण गठ्ठ्यावरचा एक्क्याऐंशी पाहून त्यांचा रंगच उतरला. "अरेच्चा! म्हणजे मी सहाव्या फर्म्यावरच..."

"एक फर्मा घेऊन जाऊ?" मुंगीने विचारलं.

"न्या बाबांनो. आणि मी कशावर बसलो होतो, ते तेवढं सांगू नका!"

वाचनालयातल्या खोलीत प्रकाशक बसले होते. शेजारी पुस्तकांवर वर्तमानपत्रात लिहिणारे समीक्षकसर. समोर आत्या, हातात पेन्सिल घेऊन. चौघं धापा टाकत आत शिरली.

"फोन करणारी मुलं तुम्हीच ना?" प्रकाशक वैतागले. "मी सांगितलं ना..."

"काका, फक्त एक प्रश्न, सरांना!" वकीलबाई पुढे झाली. घसा खाकरून तिने असा काही आवाज लावला, की सर सावरून बसले. "सर, भाऊ दिवा घेऊन विहिरीत उतरतो, तो प्रसंग तुम्हाला नक्की कसा वाटला?"

"फार पसरट," सर म्हणाले. "वाचताना मला जांभया आल्या. कापायलाच हवा."

"तुमची प्रत बघू?"

सरांची प्रत टेबलावरच होती. वकीलबाईने ती उघडून प्रकाशकांपुढे धरली. ऐंशी. मग पासष्ट. मग पुन्हा ऐंशी. मग सत्त्याण्णव.

"यात विहीरच नाही, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "मग जांभया कुठल्या पानावर आल्या?"

सर चष्मा पुसायला लागले. प्रकाशकांनी कपाटातल्या आणखी तीन प्रती काढून पाहिल्या. तिन्ही तशाच! "अरे देवा," ते पुटपुटले. "मी नुसती मुखपृष्ठं तपासली."

आत्या मात्र कुणाकडेच बघत नव्हती. मुंगीने तो चेपलेला फर्मा तिच्यासमोर ठेवला. "आत्या, ज्यांनी वाचलंच नाही, त्यांना भिडणार कसं?"

"आणि तू?" आत्याने हळूच विचारलं. "तुझ्या प्रतीत तर होतं."

मुंगीने शेपटाला जवळ ओढलं. "मी चिडले होते तुझ्यावर. त्याला मारलंस म्हणून. तेव्हापासून मी शेपटाचा हात सोडलेला नाही. मला सारखं वाटतं, हा कुठेतरी उतरून जाईल आणि मी वरून हाका मारत बसेन."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "अगं, आपल्या बैठकीत धाकट्या काकाचा फोटो आहे ना? तो नदीत गेला, तेव्हा मी काठावर उभी होते. तुझ्याएवढी. हाका मारत होते." तिने फर्म्यावरून हात फिरवला. "या पानांत तेवढंच आहे."

मग भोपळ्याने तो फर्मा ओढून घेतला. "मला अजून वाचायचंय," म्हणून तो मोठ्याने वाचू लागला. पहिली दोन पानं ऐटीत गेली. तिसऱ्यावर तो अडखळला. पाचव्यावर त्याने फर्मा वकीलबाईकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कधी नव्हे ती वकीलबाईसुद्धा "कशावरून" म्हणाली नाही.

प्रकाशकांनी नाक शिंकरलं. "एक अक्षरही कापायचं नाही! सगळ्या प्रती परत मागवतो. आणि मुलांनो, मी लुडबूड म्हणालो, ते मागे घेतो. तुमच्यासारखी लुडबूड करणारी माणसं माझ्याकडे कामाला हवीत!" समीक्षकसरही मान खाली घालून म्हणाले, "शाबास. मलाही एक नीट बांधलेली प्रत द्या. या वेळी वाचतो."

"पण गठ्ठा सापडला कुठे?" प्रकाशकांनी विचारलं.

"मालकांच्या बुडाखाली!" शेपूट अभिमानाने म्हणाला. त्याने काही वचन दिलेलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर आत्याने मुंगीला जवळ घेतलं. "मग, अजून चिडली आहेस?"

"थोडी," मुंगी म्हणाली. "पण त्याला जिवंत करू नकोस."

घरी जाताना रस्त्यात शेपटाने हात सोडवून घेतला आणि तो पुढे पळाला. मुंगीने त्याला पळू दिलं. तो कोपऱ्यावर पोचला, थांबला आणि मागे वळून ओरडला, "ताई, आहेस ना गं?"

"आहे!" मुंगी म्हणाली, आणि त्याला गाठायला धावत सुटली.