हनुवटीवरचा अंगठा

नागपूरच्या जीवाश्म-प्रयोगशाळेतलं 'अस्थिवेध' हे यंत्र सहसा कुणाचा अपमान करत नसे. त्या सकाळी मात्र त्यानं डॉ. रंजना मडावीला तिच्या गुरूंसमोरच लबाड ठरवलं, आणि तेही अगदी शांत आवाजात.

"नमुना क्रमांक चव्वेचाळीस. वर्धासुराचा खालचा जबडा. हनुवटी सरळ आहे. वर्धासुराची हनुवटी वर वळलेली असते आणि तिच्या डाव्या अंगाला एक खळगा असतो. हाड खरं आहे, पण टोक घासून बदललेलं आहे. शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के."

वरोऱ्याजवळच्या एका नाल्याच्या काठावर दोन महिने उन्हात बसून रंजनानं तो जबडा ब्रशनं मोकळा केला होता. आता अकरा वाजता चौकशी समिती येणार होती. समितीनं यंत्राच्या अहवालावर सही केली की रंजनाच्या कपाळावर बनावटगिरीचा शिक्का बसणार होता, आणि या क्षेत्रात तो शिक्का पुसला जात नाही.

"सर, मी याला कानससुद्धा लावलेली नाही. मग हे असं का म्हणतंय?"

तिचे सर म्हणजे डॉ. दिवाकर चांदूरकर. वय एकाहत्तर. निवृत्त होऊनही रोज दहाच्या ठोक्याला हजर. वर्धासुर या डायनासोरचा पहिला जबडा त्यांनीच शोधला होता. तो समोरच्या काचेच्या कपाटात दिमाखात ठेवला होता.

"त्याला हाड कळत नाही, रंजना. त्याला फक्त आजवर पाहिलेली हाडं आठवतात," चांदूरकर म्हणाले. "आपल्याकडे त्रेचाळीस जबडे होते. त्यातल्या बेचाळिसांची टोकं मोडलेली. यंत्रानं पहिल्या जबड्यावरून ती भरून काढली. मग त्या भरलेल्या चित्रांवरूनच ते पुढे शिकलं."

"म्हणजे पुरावा एक आणि साक्षीदार त्रेचाळीस?"

"हो."

"पण तो एक तरी खरा आहे ना, सर!"

चांदूरकरांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा वाजले होते. गप्प बसणं आजही सोपं होतं, आणि हे आपल्याला सुचावं याचीच त्यांना विलक्षण लाज वाटली.

"नाही," ते म्हणाले.

प्रयोगशाळेचा एक जुना नियम होता. मोडक्या हाडात प्लास्टर भरायचं, पण त्याचा रंग हाडापेक्षा एक छटा फिका ठेवायचा. लांबून हाड अखंड दिसावं आणि जवळून जोड कळावा. बत्तीस वर्षांपूर्वी प्रदर्शन-दालनाच्या उद्घाटनाआधी चांदूरकरांनी त्या पहिल्या, मोडक्या जबड्याला प्लास्टरची हनुवटी केली. ऊन कडक होतं, प्लास्टर झटकन आवळलं, टोक वर वळलं. ते सावरायला त्यांनी अंगठा दाबला तो तिथेच उमटला. मग चहाचं पाणी आणि काळी माती लावून रंग असा काही जुळवला की त्यांचे तेच खूश झाले. समारंभ झाला की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पाहुणे म्हणाले, "वा, काय हनुवटी आहे!" आणि चांदूरकर म्हणाले, "हो ना." पुढे शोधनिबंधातही तीच हनुवटी गेली.

त्या वळणावरून विद्वानांनी ठरवलं की हा प्राणी पाणवनस्पती खात असे. खळग्यातून मज्जातंतू जात असे, यावर एक अख्खं व्याख्यान झालं. आपल्याच अंगठ्यावरचं ते व्याख्यान चांदूरकरांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या.

हे सगळं ऐकून रंजना काचेच्या कपाटाकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चांदूरकर यंत्राकडे वळले.

"पहिला नमुना मी बनवला आहे. तो वगळ आणि पुन्हा सांग."

"वगळला. उरलेले बेचाळीस जबडे तेच दाखवतात. साक्ष देणारे डॉ. मडावींचे गुरू आहेत. शिष्येला वाचवण्यासाठी खोटी कबुली, शक्यता एक्याण्णव टक्के."

आयुष्यात एकदाच खरं बोलायला गेले, तर त्यावर विश्वास ठेवायला कुणी नाही! चांदूरकरांनी डावा अंगठा यंत्राच्या भिंगाखाली धरला. त्यावर हातोडीचा एक जुना, तिरपा व्रण होता.

"हा त्या खळग्याशी ताडून बघ."

"तंतोतंत जुळतो," यंत्र म्हणालं. "बेचाळीस जबडे साडेसहा कोटी वर्षं जुने आहेत. अंगठा एकाहत्तर वर्षं जुना आहे. निष्कर्ष: व्रण खळग्याबरहुकूम नंतर करून घेतलेला आहे. अंगठा बनावट."

रंजना उठली. तिनं कपाट उघडून पहिला जबडा टेबलावर ठेवला आणि खणातून सुई काढली.

"येईल ते हाड आधी सुईनं खरवडायचं, हे तुम्हीच शिकवलंत. दहा वर्षांत या खोलीतलं प्रत्येक हाड खरवडलं मी, सर. हे एक सोडून."

"का?" हे विचारायला नको होतं.

"तुमचं होतं ना."

तिनं सुई ओढली. चहाचा रंग निघाला आणि खालून पांढरी भुकटी टेबलावर सांडली. ती तिनं कागदावर घेतली आणि कागद सरांपुढे धरला. बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती.

"समितीला मी सांगू, की तुम्ही सांगता?"

चांदूरकरांनी कागद घेतला. तिच्या डोळ्यांत बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

"नमुना क्रमांक एकचं टोक खराब झालं आहे," यंत्र नम्रपणे म्हणालं. "पूर्वीसारखं भरून देऊ का?"

बत्तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

"नको," चांदूरकर म्हणाले, आणि कागद सांभाळत समितीसाठी दार उघडायला गेले.