कॉनीची हजेरी

पटलं नाही तर सोडून द्या. मी काही रचून सांगत नाहीये. रचायला डोकं ताजं लागतं, आणि माझं डोकं गेल्या कित्येक वर्षांत ताजं झालेलं नाही.

मी लिन हॅलम. बार्न्सलीत राहते. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. नवरा गॅरेथ ट्रक चालवतो. आमची एकुलती एक मुलगी कॉनी, सात वर्षांची.

गोष्ट याच मार्चमधली. सोमवार ते बुधवार, तीन दिवसांची.

गॅरेथला रजा मिळाली ती नेमकी मार्चात. शाळा चालू होती. पण दोन वर्षांत आम्ही तिघं कुठे गेलोच नव्हतो.

"आठवडाभर ताप आलाय म्हणून सांग," गॅरेथ म्हणाला. "पोरीला समुद्र दाखवायचा म्हणजे काय गुन्हा आहे?"

रविवारी आम्ही मेबलथॉर्पला गेलो. राहायला किनाऱ्यालगत भाड्याची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, घेतली होती. त्याच रात्री कॉनीचा पुढचा हलणारा दात पडला.

सोमवारी मी दिवसभर झोपले. मेल्यासारखी. शाळेत फोन करायचा राहूनच गेला.

मंगळवारी सकाळी ते आठवलं आणि मी आधी फोन शोधला. मूल आलं नाही तर शाळेतून दहाच्या आत फोन येतो.

कुणाचाच फोन आला नव्हता...

कॅरव्हॅनमध्ये रेंज मिळत नव्हती. मी समुद्राच्या बांधावर चढले. रेंज आली, तरी शाळेचा एकही मिस्ड कॉल दिसेना, म्हणून मीच फोन लावला.

उचलला मिसेस पिकर्सगिलनी. मी त्या शाळेत होते तेव्हापासून त्या ऑफिसात आहेत. मला अजून अगं-तुगंच करतात.

"कॉनीला ताप आहे," मी म्हणाले. "काल कळवायचं राहिलं."

"कुणाला ताप आहे?"

"कॉनीला."

त्या हसल्या. "अगं बये, झोपेत आहेस का? कॉनी वर्गात आहे. कालही होती. आत्ता माझ्यासमोर कोट अडकवून गेली."

मी खाली वाळूकडे पाहिलं.

कॉनी बापाबरोबर चेंडू खेळत होती. लाल गमबूट घालून.

"नीट बघा ना," मी म्हणाले.

"मला काय कॉनी ओळखता येत नाही? जा, चहा घे कडक."

गॅरेथला सांगितलं तर तो खूशच झाला. "सुटलो की! घरबसल्या हजेरी लागतेय. पिकर्सगिलबाईंना आता चष्मा बदलायला हवा."

मीही हसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं. विचार करायचीही ताकद नव्हती.

बुधवारी दुपारी साडेबारा वाजले असतील. मी आणि कॉनी बांधाच्या पायऱ्यांवर चिप्स खात बसलो होतो. गॅरेथ कॅरव्हॅनमध्ये होता.

फोन वाजला. मिसेस पिकर्सगिल.

आवाज वेगळा होता. हलका.

"लिन, काल कॉनीला न्यायला कुणी आलंच नाही गं. तुझा फोन लागेना. चार वाजेपर्यंत माझ्याजवळ बसवून घेतलं. मग 'मम्मी आली' म्हणत बाहेर पळाली. तू... आली होतीस ना?"

मी हातातली चिप परत पुड्यात टाकली.

"फार थकलेली दिसतेस. आजही ती सकाळपासून एकच विचारतेय. थांब, इथेच उभी आहे. तूच बोल तिच्याशी. तो दात तेवढा काढ गं तिचा, नुसता लोंबतोय..."

मी कॉनीकडे पाहिलं. ती चिप्सवरचं व्हिनेगर चाटत होती. दाताच्या जागी खिंडार.

फोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला...

"मम्मी?"

कॉनीचाच आवाज. सर्दी झाली की होतो तसा, जरासा भरलेला.

"मम्मी, तू कधी येणार?"

मी काय म्हणायला हवं होतं? आई आहे मी. मूल रडवेलं झालं की तोंडातून जे निघतं, तेच निघालं.

"येते हं राजा. येतेच."

फोन कट झाला.

"कुणाला येते म्हणालीस?" कॉनीने विचारलं.

एकच्या आत आम्ही निघालो. गॅरेथ आधी चिडला. मग माझा चेहरा बघून त्याने सामान गाडीत भरलं.

तीन वीसला शाळेच्या फाटकाशी पोहोचलो. कॉनी गाडीत झोपली होती. "दारं आतून बंद कर," मी गॅरेथला म्हणाले आणि उतरले.

साडेतीनला मुलं सुटली. एकेक करून गेली.

शेवटी फाटकात फक्त वर्गाच्या बाई उरल्या.

"कॉनी?" मी विचारलं.

"अहो, ती तर सगळ्यांच्या आधी पळाली. तुमची गाडी दिसली तिला."

मी आत धावले. कॉनीच्या खुंटीवर कोट नव्हता. तिच्या जागेवर वही होती. सोमवार, मंगळवार, बुधवार... तिन्ही दिवसांचा अभ्यास. अक्षर कॉनीचं. आजची शेवटची ओळ अर्धवट सोडलेली.

बाहेर आले तर कॉनी जागी झाली होती आणि मिसेस पिकर्सगिल गाडीच्या काचेशी वाकून तिला हात करत होत्या. "पडला वाटतं दात एकदाचा!" त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी सगळं जागेवर होतं.

माझी मुलगी गाडीत होती. मग माझ्या गाडीकडे पळत आलेली ती कुठे गेली?

त्याला आता चार महिने झाले. गॅरेथ म्हणतो, ऑफिसचा घोळ होता. विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

मे महिन्यात कॉनीला कांजिण्या आल्या. दोन दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर अंथरुणात होती. मी शाळेत कळवलं नाही. मुद्दामच.

फोन आला नाही.

दोन्ही दिवस मी तिला गॅरेथजवळ ठेवलं आणि साडेतीनला फाटकाशी जाऊन उभी राहिले. कुलूप लागेपर्यंत. कुणी आलं नाही.

तरी रोज थांबते. कॉनी हात ओढते, "चल ना मम्मी, सगळे गेले." रात्रपाळी करून आलेली असते, पाय वळत असतात, तरी थांबते. भीती वाटत नाही असं नाही. पण कुणीतरी मला मम्मी म्हणून विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते.

सप्टेंबरपासून कॉनी मोठ्या शाळेत जाईल. गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मग या फाटकाशी कोण थांबणार, हे गॅरेथला अजून बोलले नाही. नव्या शाळेत वेळेची चौकशी तेवढी करून आले.

तीही शाळा साडेतीनलाच सुटते.