गॅलरीच्या दाराचा स्क्रू

हे माझ्या घरात घडलंय. तेही भरदुपारी. मी रंगवून सांगतेय असं ज्यांना वाटेल, त्यांनी इथेच थांबावं.

१९९६चा मे महिना. नावडे कॉलनी, तिसरा मजला. आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. मी, हे आणि अडीच वर्षांची ऋता.

गॅलरीचं दार उघडेना. दारातून थेट चौकटीत एक लांब स्क्रू पिळलेला होता...

त्याचं डोकं कानशीने घासून सपाट केलेलं. स्क्रू ड्रायव्हर लावायला खाचच नाही.

"वहिनी, हा तुटलेला नाय," धनाजी मिस्त्री म्हणाला. "मुद्दाम घासलाय कुणीतरी. राहू दे का?"

"आणि कपडे काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू?"

तो हसला. ड्रिलने स्क्रू पोखरून काढला. भोकात लाकडाचा तुकडा ठोकला, नवे स्क्रू मारून कडी बसवली. उंचावर. ऋताचा हात पोचणार नाही अशी.

पुढच्याच आठवड्यात वाळलेले कपडे आत आणले, कडी लावली आणि स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात...

"आई... दाल उघल."

गॅलरीतून.

ऋताचा आवाज!

मघाशी माझ्या मागोमाग बाहेर आली असेल, आणि मी कडी लावून घेतली... धावत जाऊन दार उघडलं.

गॅलरीत कुणीच नव्हतं.

आणि माझ्या पायांजवळून ऋता बाहेर पळाली. झोपेतून उठून. हसत. पालथ्या बादलीवर पाय, कठड्यावर हात...

फ्रॉक माझ्या मुठीत आला. टर्रकन फाटला. पण पोर हातात राहिली.

शेजारच्या सगुणामावशी साताऱ्याकडच्या. ऐकून खालीच बसल्या.

"आधीच्या बाईनंबी हाक ऐकूनच दार उघाडलं. तिचं पोरगं नाय घावलं हाताला. मग तिनंच त्यो स्क्रू पिळला, डोकं घासलं. अन् तू काढलास व्हय गं?"

त्याच संध्याकाळी धनाजीकडून नवा स्क्रू पिळून घेतला. डोकं मी स्वतः घासलं.

तरी हाक यायची. रोज दुपारी. मी ऋताकडे बघत बसायचे. ती पलंगावर आहे ना? आहे. मग उघडायचं नाही.

जूनमध्ये एका दुपारी हाक बाथरूममधून आली...

बाथरूमची बाहेरची कडी नेहमीसारखी मीच लावलेली. मी पलंगाकडे पाहिलं. चादरीखाली ऋता झोपलेली. श्वासाने चादर वर-खाली होत होती.

मी उघडलं नाही.

थापा पडल्या. रडणं. "आई, अंधाल आहे..."

मी दाराला पाठ लावून बसले. "माझी मुलगी झोपलीय," म्हटलं. "तू मर."

आवाज बसत गेला... मग थांबला.

संध्याकाळी हे आले. "ऋता कुठाय?"

"झोपलीय."

ह्यांनी चादर ओढली.

खाली काहीच नव्हतं. गादी मात्र गरम होती...

ऋता बाथरूममध्ये होती. जिवंत. बोटांची नखं सोलवटलेली. माझ्याकडे न बघता ती ह्यांच्या गळ्यात पडली.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आता आम्ही वाशीला राहतो. ऋता शाळेत जाते. सगळ्यांशी बोलते. मला हाक मारत नाही.

हाक मात्र येते. रोज दुपारी, कुठल्यातरी दारामागून...

अजून बोबडीच.